न थांबला तो संपला

हॅम्पशरमधल्या स्टॉकब्रिज गावात टेस्ट नदी भर रस्त्याखालून जाते. पुलाच्या कठड्यावरून वाकलं की तळाचा गोटा न् गोटा दिसतो, आणि प्रवाहाकडे तोंड करून शेपटी हलवत उभा असलेला ट्राउटही. पावसाचं पाणी खडूच्या टेकड्यांत मुरतं आणि गाळलं जाऊन झऱ्यांनी वर येतं, म्हणून हा नितळपणा. मात्र आपल्याला मासा दिसतो तसे आपणही माशाला दिसतो, आणि खरी गोची तिथेच आहे. गावात १८२२ सालापासून मासेमारांचा हॉटन क्लब आहे. त्यात शिरकाव करून घेण्यापेक्षा ट्राउट गळाला लावणं सोपं, एवढे त्याचे सभासद मोजके. अशा ठिकाणी पेन्शनीत निघालेला माणूस फ्लाय फिशिंग, म्हणजे नकली माशी लावून मासे धरणं, शिकायला उभा राहतो, तेव्हा तो हास्यास्पद दिसतो हे मान्य. पिसांची माशी पाण्यावर पडण्याऐवजी त्याच्याच टोपीत रुतलेली असते. तरीही माझा दावा असा, की हा उद्योग शिकावा तर उतारवयातच.

कारण कसबात आहे. साध्या गळाला शिसं लावलेलं असतं, ते फेकलं की दोरी मागोमाग जाते. इथे माशीला वजनच नाही. जाडसर दोरीचं वजन हेच वजन. काठी मागे नेऊन थांबायचं, दोरी पाठीमागे हवेत पुरती सरळ होऊ द्यायची, मगच पुढे आणायची. त्या थांबण्यात काठी वाकायला ताण मिळतो. पंचविशीतला गडी थांबत नाही. परीट धुणं आपटतो तशी तो काठी आपटतो, आणि दोरीचा गुंता त्याच्या पायाशी येऊन पडतो. ‘थांबला तो संपला’ हे आपण मुलांना शिकवतो, ते टेस्टकाठी उलटं लागू पडतं. जिना चढताना मध्ये थांबायची सवय झालेल्या माणसाला हा धडा निम्मा आधीच येत असतो.

इतिहासही याच बाजूने साक्ष देतो. आयझॅक वॉल्टन हा लंडनचा कापड दुकानदार. मासेमारांची पोथी समजला जाणारा त्याचा ‘द कम्प्लीट अँगलर’ १६५३ साली आला, तेव्हा तो साठीचा होता. त्यातही कृत्रिम माशीची विद्या त्याला बेताचीच. ती सविस्तर लिहायचं काम त्याने चार्ल्स कॉटन या तरुण मित्रावर सोपवलं आणि १६७६च्या आवृत्तीत, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, पुस्तकाला जोडून घेतलं. तरुण म्हणजे शेहेचाळीस वर्षांचा, एवढं लक्षात ठेवावं. पुढे माशी पाण्यावर तरंगती हवी की पाण्याखाली बुडती चालेल, यावर द्वैत-अद्वैताच्या तोडीचा वाद झाला. हॅलफर्ड या मासेमाराचे अनुयायी तरंगतीवाले, तर स्क्यूज हा दुसरा मासेमार बुडतीवाला. १९३८ साली लंडनमधल्या मासेमारांच्या क्लबात या विषयावर रीतसर चर्चा झाली, तेव्हा स्क्यूज ऐंशीला टेकलेला. ज्या विषयात ऐंशीच्या माणसाला विरोधक उरतात, तो विषय साठीच्या माणसाला उशिराचा कसा म्हणावा?

आक्षेप येतीलच. डोळ्यांचं काय? तांदळाच्या दाण्याएवढ्या माशीच्या नेढ्यात केसासारखा धागा ओवायचा असतो, हे खरं; त्याला चष्मा किंवा नातू हाच उपाय. गुडघे? टेस्टच्या कित्येक पट्ट्यांत पाण्यात उतरायलाच मनाई आहे आणि काठावरचं गवत कापलेलं असतं. पैसा? हा आक्षेप जबर आहे. चांगल्या पट्ट्यावर एका दिवसाला शेकडो पौंड जातात, म्हणून शिकणाऱ्याने आधी ट्राउट सोडलेलं एखादं तळं गाठावं. मासा बहुधा पकडून परत पाण्यात सोडतात, त्यावर मालवणी माणूस विचारेल, सोडायचाच तर पकडायचा कशाला? नवशिक्याच्या बाबतीत ही पाळी क्वचितच येते. माशाला उगाच त्रास का, हा प्रश्न मात्र थट्टेवारी नेण्याजोगा नाही. उलटा काटा नसलेला गळ वापरून आणि ओल्या हाताने मासा सोडून तो त्रास कमी होतो, नाहीसा होत नाही.

राहिला मुहूर्त. मेच्या अखेरीस नदीच्या गाळात सुमारे दोन वर्षं काढलेल्या मेफ्लाय नावाच्या माश्या थव्यांनी वर येतात. वर आल्यावर त्यांना खायला तोंड नसतं, उरलेलं आयुष्य दिवसा-दोन दिवसांचं. या मेफ्लाय खाण्याच्या नादात ट्राउट इतके बेसावध होतात, की नवख्याच्याही माशीला तोंड लावतात. आपल्याकडे पितृपंधरवडा, तसा तिथे हा ढ मंडळींचा पंधरवडा, आणि इंग्रज तो याच अर्थाच्या नावाने ओळखतात. मुलाकडे लंडनला जाणाऱ्यांनी तिकीट काढताना तेवढ्या तारखा सांभाळाव्यात. वॉटर्लूहून विंचेस्टर रेल्वेने तासाभरावर, पुढे स्टॉकब्रिजला रस्त्याने जावं लागतं. सरकारी लायसन्स आधी काढा. त्याच्या फीत ज्येष्ठांना सवलत आहे.