ना निळी, ना करडी

शाईलाही उतरंड असते. पोरांची निळी, मास्तरांची लाल. साहेब हिरव्या शाईने सही करायला लागला की समोरचा अर्जदार आपोआप ताठ उभा राहतो. निळ्या-करड्या शाईला या उतरंडीत जागाच नाही. तिने कधी कुणाला नापास केलेलं नाही, की कुणाची बदली अडवलेली नाही. बहुधा म्हणूनच ती मला घ्यावीशी वाटली.

माझी बाटली पायलट या जपानी कंपनीच्या इरोशिझुकू मालेतली. शाईचं नाव शिन-काई, म्हणजे खोल समुद्र. समुद्र ५० मिलिलिटरचा आहे. जाड काचेच्या तळाशी एक खळगा ठेवलाय, शेवटचे थेंब तिथे गोळा व्हावेत म्हणून. कंजुषांची इतकी देखणी सोय मी दुसरीकडे पाहिली नाही. आपल्याकडे १९३१ साली मुंबईत दांडेकरांनी घोडाछाप शाईची पूड आणि वड्या विकायला काढल्या, तेव्हा कंजुषी ज्याच्या त्याच्या हातात होती. पाणी जास्त घाला, शाई जास्त.

पेन भरलं की माणूस आधी ‘श्री’ काढतो, मग स्वतःचं नाव. मग सही, आणि लागोपाठ आणखी सह्या, जणू जमीनच विकायची आहे. मीही तेच केलं. ओली असताना शाई चांगली निळी दिसली. वाळता वाळता निळेपण मागे सरलं आणि पारव्याच्या पाठीचा रंग उरला. हिराकस घातलेली जुनी निळी-काळी शाई हवा लागेल तशी काळी, पक्की होत जाते. ही मात्र डोळ्यांदेखत वैराग्य घेते.

खरी गंमत देवनागरीत. काना वरून खाली येताना फिका असतो. निब जिथे थांबते तिथे शाई साचते आणि टोक गडद होतं. शिरोरेघही उजव्या टोकाला दाटते. त्यामुळे मामा, काका, बाबा फार खुलून दिसतात. नात्यागोत्यात काने मुबलक. ‘टक्केटोणपे’ लिहून पाहिलं, तेही बरं दिसलं. ‘हिशेब’ मात्र कुठल्याच शाईत खुलत नाही. साध्या वहीवर ही शाई फुटते आणि अक्षरांना मिशा येतात. गुळगुळीत कागद हवा.

परवा शेजारचे काका सोसायटीच्या कागदावर सही करायला आले. आयुष्य ट्रेझरीत गेलेलं. त्यांनी सही केली, कागद उजेडात धरला, चष्मा वर केला.

“शाई संपत आलीय वाटतं,” म्हणाले, आणि मी काही बोलायच्या आत पेन जोरात झटकलं.

पांढऱ्या डिस्टेंपरवर हा रंग उत्तम दिसतो.