सोळा नंबर

आमच्या इमारतीत काकांना नावाने कोणी ओळखत नाही. चौथा मजला, उजव्या हाताचं दार, ब्लॉक नंबर सोळा; म्हणून सोळा नंबर. नोकरदाराच्या पगारातून कर कापल्याचा जो दाखला कंपनी देते, तोही फॉर्म नंबर सोळाच. लोक याला योगायोग म्हणतात. काका म्हणत नाहीत. कंपनीने फॉर्म सोळा १५ जूनपर्यंत द्यायचा असतो, आणि १६ जूनला सकाळी काका दाराची कडी काढून ठेवतात.

निवृत्तीआधी ते एका कचेरीत हिशेबखात्यात होते. तिथे त्यांच्या हाताखाली दोन कारकून होते, इथे चार मजले आहेत. बहात्तरी उलटली, गुडघे बोलतात, पण जून लागला की चेहऱ्यावर वारीला निघालेल्या माणसाचं तेज येतं. डोंबिवलीतल्या आमच्या या बिनलिफ्टच्या इमारतीत एरवी चौथ्या मजल्यावर गॅसवालासुद्धा कुरकुरत चढतो. जुलैत मात्र सोळा नंबरच्या दारापुढे ठिबकणाऱ्या छत्र्यांची रांग लागते. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यातून वाकून छत्र्या मोजतात आणि आत्ता जावं की कुकर लावून जावं ते ठरवतात.

काका पैसे घेत नाहीत. कोणी पेढे नेले तर पुडा न उघडता विचारतात, "हे इन्कम फ्रॉम अदर सोर्सेस झालं. दाखवू कुठे?" मग आतून काकू येतात, पुडा उचलतात आणि आत जातात. तिथे पेढ्यांची आकारणी होते.

फी नसली तरी शिस्त आहे. पासबुक बँकेतून भरून आणायचं. "मोबाइलवर दाखवतो ना काका" म्हणणाऱ्याला पुन्हा खाली पाठवतात. नाडीची फाईल समोर घेतात, टाचण्यांची डबी उजवीकडे, भाच्याने टाकून दिलेला लॅपटॉप मधे. आणि पॅन कार्ड हातात घेऊन जोतिष्याने पत्रिका वाचावी तसं वाचतात.

"एकूण दहा जागा. चौथं अक्षर पी. म्हणजे तुम्ही माणूस आहात. कंपनी असतात तर सी असतं." हे ऐकून समोरचा जरा सैलावतो. "पाचवं अक्षर तुमच्या आडनावाचं पहिलं." इथे खरी गंमत सुरू होते, कारण लग्नाआधी काढलेल्या पॅनमध्ये हे अक्षर माहेरचं असतं आणि सासरी येऊन कितीही वर्षं झाली तरी ते हलत नाही. वहिनींचं कार्ड पाहून काका म्हणाले, "माहेरचं आडनाव के वरून?" त्यांनी सांगितलं, आणि पुढची वीस मिनिटं रिटर्न बाजूला राहून काकांच्या चुलत आत्याच्या सासरपर्यंत नातं जोडलं गेलं. वहिनींचे यजमान बाहेर छत्री धरून उभे होते. बावीस वर्षांच्या संसारात बायकोच्या माहेराची एवढी चौकशी आपण कधी केली नव्हती, हे त्यांना तिथे दाराबाहेर समजलं.

रिटर्न भरल्याची जी पावती मिळते तिचं कुलूप पॅन नंबर आणि जन्मतारीख जोडून उघडतं. त्यामुळे सगळ्या इमारतीच्या जन्मतारखा काकांना पाठ. "आमच्या इमारतीतले नऊ ज्येष्ठ नागरिक १ जूनला जन्मले आहेत," ते सांगतात. "त्या दिवशी महाराष्ट्रातल्या आयांनी फार काम केलं असणार." शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख टाकली ती सरकारदरबारी कायम झाली, हे त्यांनाही ठाऊक आहे. तरी १ जूनला ते नऊही दारांवर जाऊन शुभेच्छा देतात. एका आजोबांनी सांगून पाहिलं की आपला खरा जन्म दिवाळीतला. काका म्हणाले, "तो घरगुती. हा कायदेशीर."

लोकांचे प्रश्न ठरलेले. असेसमेंट इयर म्हणजे काय? "जेवलात ते आर्थिक वर्ष. ढेकर दिलात ते असेसमेंट इयर." बँकेने ठेवीच्या व्याजातून दहा टक्के कापले, म्हणजे माझं झालं ना? "नाही झालं. तो विसार होता." नवी पद्धत चांगली की जुनी? यावर काका कागदाच्या मधोमध रेघ मारतात, डावीकडे जुनी, उजवीकडे नवी, आणि उत्तर आलं तरी लगेच सांगत नाहीत. मार्चअखेरीला कर वाचवायला विमा घेऊन आलेल्या माणसाशी ते बोलतच नाहीत. पॉलिसी वाचतात, घडी घालतात, परत देतात आणि पाणी मागवतात. स्वतःसाठी.

मुलीच्या लग्नातला आहेर करपात्र का, हा प्रश्न विचारून पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांनी त्यांची एक संध्याकाळ सोन्याची केली. काका हात चोळत म्हणाले, "लग्नातला आहेर करमुक्त. पण ज्याचं लग्न त्याला. तुमचं होतं का?" नव्हतं. "मग तुमच्या हातात मित्रमंडळींनी दिलेली पाकिटं वर्षभरात मिळून पन्नास हजारांच्या वर गेली, तर सगळीच धरायची. नातेवाइकांची सोडा." त्यावर गृहस्थांनी हुशारीने सगळे नातेवाईकच आहेत म्हणून सांगितलं. "सगळे नाही. मामा नातेवाईक. मामेभाऊ नाही." गृहस्थ चकित झाले. मामेभावाने अकरा हजार दिले होते आणि मामाने स्टीलचा डबा. कायद्याला माणसांची पारख असते असं काकांचं मत आहे.

घरभाड्याची गोष्ट तर इमारतीत अजून निघते. दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा आईच्या नावावरच्या घरात राहायचा आणि कंपनीला आईच्या नावाच्या भाडेपावत्या द्यायचा, रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवून, बारा महिन्यांच्या बारा, एका बैठकीत, एकाच पेनने. काकांनी पावत्या पत्त्यांसारख्या पिसून पाहिल्या. "भाडं दिलंस?" तो हसला. "देत जा. बँकेतून. आणि आईच्या उत्पन्नात दाखव. वर्षाचं भाडं लाखाच्या वर, म्हणजे कंपनीला तिचा पॅनही लागेल." मुलाला वाटलं, आईच तर आहे. पण पहिल्या महिन्याला खात्यात पंधरा हजार आले आणि त्या माउलीच्या आत झोपलेला घरमालक जागा झाला. आता पाच तारीख उलटली की ती सुनेला विचारते, "भाडं राहिलं वाटतं?" गेल्या वर्षी तिने बाथरूमची गळती दुरुस्त करून दिली आणि पाचशे रुपये भाडं वाढवलं.

मीही एकदा शहाणपणा केला होता. साडेचार हजार कर निघत होता, म्हटलं काकांना कशाला त्रास, आणि रात्री स्वतःच ऑनलाइन भरून टाकला. सकाळी पावती घेऊन गेलो, पाठीवर थाप मिळेल या आशेने. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग काकूंना हाक मारून म्हणाले, "यांना चहा द्या." मी भलतंच असेसमेंट इयर निवडलं होतं, यंदाचा कर दुसऱ्याच वर्षाच्या खात्यावर जमा झाला होता. दुरुस्ती झाली पुढे, पण तो चहा मी अजून विसरलेलो नाही. दहाव्याला देतात तसा होता.

कोणाची मिळकत किती, हे काकांनी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी थकबाकीच्या निमित्ताने खोदून पाहिलं, उपयोग झाला नाही. मात्र काकांच्या हातांवर त्यांचं नियंत्रण नाही. तीस टक्क्यांच्या टप्प्यातला माणूस जिन्यात दिसला की त्यांचे दोन्ही हात आपोआप जुळतात. वीस टक्केवाल्याला एक हात, पिशवीसकट. पाच टक्क्यांना मान. ज्याला रिफंड असतो त्याच्याकडे पाहून नुसतं हसतात. हे त्यांना स्वतःला ठाऊक नाही, असा आमचा समज होता. एकदा एक बाई मुलीसाठी आमच्या इमारतीतल्या मुलाची चौकशी करायला आल्या. काका म्हणाले, "मुलगा नियमित आहे." आणखी काही सांगेनात. बाई हिरमुसून उठल्या, आणि जिन्यात तोच मुलगा वर येताना भेटला. काकांनी दोन्ही हात जोडले. साखरपुडा श्रावणात झाला.

तळमजल्याच्या आजींकडे मात्र काका स्वतः गेले. गुडघे सांभाळत, चार मजले, लॅपटॉप काखेत, मागे मी. आजोबा नोव्हेंबरात गेले होते. गेलेल्या माणसाचंही त्या वर्षाचं रिटर्न भरावं लागतं, वारसाने, तो गेला त्या दिवसापर्यंतच्या उत्पन्नाचं. आजींनी आजोबांची फाईल पुढे ठेवली. १९७८ पासूनचे कागद, भोकं पाडून, वर्षवार. काकांनी ती फाईल बराच वेळ नुसती चाळली. इतकी वर्षं आपण शेजारी राहिलो आणि या माणसाशी कधी बसून बोललो नाही, याची चुटपुट त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती.

मग आजींच्या पेन्शनचा विषय निघाला. आजोबांची पेन्शन पगारात धरली जायची. कुटुंब निवृत्तिवेतन तसं धरत नाहीत. काका सवयीने बोलून गेले, "आता हे पगारात नाही घ्यायचं. 'इतर'मध्ये."

"म्हणजे मी आता इतर का?" आजींनी विचारलं.

काकांकडे यावर कलम नव्हतं. त्यांनी पाणी मागितलं, ते पिऊन होईपर्यंत मीच कागद सारखे करत बसलो. शेवटी आजोबांच्या नावावर अकराशे चाळीस रुपयांचा रिफंड निघाला. "उभ्या जन्मात कोणाकडे काही परत मागितलं नाही त्यांनी," आजी म्हणाल्या, आणि बँकेचा खाते क्रमांक तोंडपाठ सांगितला.

अलीकडे काका जरा उदास असतात. २०२५ साली मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर गेली आणि शेवटी आणखी एक दिवस वाढली, तेव्हा ऐन गणपतीत लोक आरतीच्या रांगेतून फॉर्म सोळा पुढे करत होते. त्यातून १९६१ चा कायदा गेला, १ एप्रिल २०२६ पासून नवा आला. आर्थिक वर्ष आणि असेसमेंट इयर यांचं आता एकच 'करवर्ष'. जेवण आणि ढेकर एकाच वेळी, त्यामुळे त्यांचा इतक्या वर्षांचा दाखला वाया गेला. ८० सीचं झालं १२३. "पन्नास-पन्नास वर्षांचा माणूस असतो हो, त्याला तुम्ही ८० सी म्हणून हाक मारलेली असते," ते म्हणाले. "एक दिवस उठून म्हणायचं, आजपासून याला १२३ म्हणा." नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत कर शून्य, त्यामुळे छत्र्या कमी होतील अशीही त्यांना धास्ती होती. पण पहिल्याच रविवारी एकाने "बारा लाखांच्या आत आहे, म्हणजे रिटर्न भरायलाच नको ना?" असं विचारलं आणि काकांच्या जिवात जीव आला. चार लाखांच्या वर गेलं की भरायचंच. कर शून्य असणं वेगळं आणि न भरणं वेगळं. हे त्यांनी त्याला तीनदा समजावून सांगितलं. त्याला पहिल्यांदाच समजलं होतं.

स्वतःचं रिटर्न काका सगळ्यांच्या शेवटी भरतात. २०२४ सालच्या ३१ जुलैला रात्री साडेदहाला मी त्यांच्याकडे होतो. माझा ओटीपी मुलाच्या फोनवर गेला होता आणि मुलगा सिनेमाला. एकदाचं माझं उरकलं. काकांनी लॅपटॉप आपल्याकडे वळवला आणि घसा साफ केला.

"तुम्ही जरा तोंड तिकडे करा."

माझा पगार, माझं कर्ज, बचत खात्यावरचं तीनशे बारा रुपये व्याज, सगळं या माणसाने मोठ्याने वाचलं होतं. तरी मी भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर विठ्ठलाची तसबीर होती आणि तसबिरीच्या काचेत पडद्याचा उजेड. आकडे उलटे दिसत होते. उलटे आकडे वाचायला थोडा वेळ लागतो, एवढंच. आतून काकूंनी ओटीपीचे सहा आकडे एकेक करून सांगितले, शेवटचा दोनदा. काकांनी "झालं" म्हटलं, मी वळलो आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची पिशवी घेऊन काका वर येत होते, मी खाली उतरत होतो. माझे हात कसे वर गेले ते मला कळलं नाही. काका दोन पायऱ्या खाली थांबले. माझ्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"काचेत पाहिलंत," ते म्हणाले.