कलमकाका

एमएच-४६ पाटीच्या गाड्या पनवेलात पुष्कळ. त्यातली रात्री अडीच वाजता बोंबलणारी कलमकाकांची. हे अर्थात त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण दर सोसायटीत असा एक गृहस्थ असतो, की दंडाची पावती हातात पडली की त्याला राग येत नाही, उत्साह येतो. आमच्याकडे ते काम काकांकडे आहे.

काकांची नोकरी रसायनीच्या कारखान्यात, सेफ्टी विभागात झाली. त्यामुळे भोंगा हा त्यांच्या श्रद्धेचा विषय. "तिकडे भोंगा झाला की माणसं पळायची. इथे खिडक्या लावून घेतात," असं ते खेदानं सांगतात. त्यांच्या गाडीचा अलार्म बॉनेटवर मांजर बसलं तरी होतो, जेएनपीटीकडे जाणारा ट्रेलर दूरवरून धडधडला तरी होतो, आणि गणपतीत तर ताशाला साथ देतो. रात्री काकू त्यांना हलवतात, "अहो, वाजतंय." काका कूस बदलतात, "वाजतंय म्हणजे गाडी जागेवर आहे."

एकदा मात्र ती वाजत होती आणि जागेवर नव्हती.

गल्लीत सम-विषम तारखांचं पार्किंग. रात्री साडेनऊला गाडी लावली तेव्हा बाजू बरोबर होती. बारा वाजता तारीख उलटली आणि तीच बाजू चुकीची झाली. (महिन्याची ३१ आणि १ या दोन्ही तारखा विषम, मग त्या दोन दिवसांत समोरच्या बाजूनं काय पाप केलं, असा काकांचा एक स्वतंत्र अर्ज आहे. तो पुन्हा कधीतरी.) त्यात रात्रभर अलार्म. कुणीतरी ११२ फिरवला. सकाळी सातला टोइंगवाल्यांनी पुढची चाकं उचलली, तसा अलार्मनं जो टाहो फोडला तो थेट चौकीपर्यंत. शिवाजी चौकात रिक्षावाल्यांनी ॲम्ब्युलन्स समजून वाट करून दिली. एका बाईंनी हात जोडल्याचंही सांगतात.

काका पाठोपाठ पोचले ते फाइल घेऊनच. फाइल तयार होती. माणसं विमा काढून ठेवतात, तशी काकांनी ती काढून ठेवली होती.

"मोटार वाहन कायदा, १९८८. कलम १२७. दहा तास बेवारशी उभी असलेली गाडी उचलता येते. माझे साडेनऊच तास झालेत, साहेब. अर्धा तास कमी पडतोय."

हवालदार चहा पीत होते. "काका, पुढं वाचा."

पुढं 'किंवा' होतं. किंवा पार्किंगला मनाई असलेल्या जागी उभी असेल तर. आणि त्याच कलमात खाली, टोइंगचा खर्च मालकाचा.

काकांनी पान उलटलं. त्यांचा मुख्य मोर्चा इकडे नव्हताच. "ठीक आहे. आता आवाजाकडे येऊ. २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६, मर्यादा ४५ डेसिबल. पण कसली? सरासरीची! आठ तासांची सरासरी काढा. अलार्म वाजला चाळीस मिनिटं. उरलेले सात तास वीस मिनिटं शांतता होती, ती कोणाच्या खात्यावर जमा?"

तक्रार करायला आलेले खालच्या मजल्यावरचे शेजारी तिथेच होते. म्हणाले, "मलाही झोप सरासरीतच लागली."

काकांनी दुर्लक्ष केलं. न्यू जर्सीच्या पुतण्यानं कळवलेलं त्यांनी वाचून दाखवलं : न्यूयॉर्क शहरात गाडीचा अलार्म तीन मिनिटांत आपोआप गप्प झाला पाहिजे, नाहीतर पोलीस तो बंद करून गाडी उचलून नेऊ शकतात. "सुधारलेल्या देशात त्यासाठी वेगळा कायदा आहे. आपल्याकडे दाखवा! १९४-एफ हॉर्नचं आहे. हॉर्न मी वाजवतो. अलार्म स्वतःहून वाजतो. कर्ताच वेगळा!"

हवालदारांनी चलान त्यांच्यापुढे सरकवलं. "काका, हे नो पार्किंगचं आहे. ५०० रुपये. आवाजाचं यात काहीच नाही."

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला, म्हणतात. ज्यासाठी एवढी तालीम केली, तो आरोपच नाही! ५०० रुपयांसाठी ते भांडत नव्हते. तेवढे तर नियमांच्या झेरॉक्सलाच गेले असतील. माणसाला आपल्या तोलामोलाचा आरोप मिळावा, एवढीच त्यांची अपेक्षा.

पुढे लोकअदालतीची नोटीस आली. तिथे माणसं सवलतीत चलान मिटवून मोकळी होतात, आणि रांगही भराभर सरकते. काकांपाशी येऊन ती थांबली. "भरता का?" एवढंच विचारलं होतं. काका म्हणाले, "भरतो, पण अलार्म निर्दोष आहे असं आधी लिहून द्या." मागच्या रांगेतून जो आवाज उठला, त्याची सरासरी काढायच्या मनःस्थितीत काकाही नव्हते. पैसे भरून आले.

पण खटका राहिलाच. म्हणून सध्या त्यांनी नवा अर्ज दिला आहे : 'माझ्या गाडीच्या अलार्ममुळे ध्वनिप्रदूषण झाल्याचा गुन्हा माझ्यावर नोंदवावा, म्हणजे मला त्याचं खंडन करता येईल.' सोबत सोसायटीचा पाठिंबा जोडायचा म्हणून कागद घरोघर फिरवला. यापूर्वी पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीसाठीही कोरम जमला नव्हता. या कागदावर एका संध्याकाळी सगळ्या मजल्यांच्या सह्या झाल्या, खालच्या शेजाऱ्यांनी तर दोनदा केली.

काका तो कागद येईल त्याला दाखवतात. "बघा," म्हणतात, "लोक माझ्या बाजूनं आहेत."