दांडीवाले दादा

जॅमरूमचं भाडं तासावर असतं, हे दांडीवाल्या दादांना सोडून सगळ्यांना ठाऊक असतं. ड्रमर उगाचच झांजा घट्ट करतोय, बेसवाला पुन्हा पुन्हा घड्याळ बघतोय, आणि दादा जमिनीवर बसलेत. मांडीवर गिटार, दातांत 3 मिलिमीटरची ॲलन-की. ‘दोनच मिनिटं,’ असं ते किल्ली न काढताच म्हणतात. पुण्या-मुंबईत इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या बहुतेक टोळक्यांत असा एक दादा सापडतो. नोकरी आयटीत, वय चाळिशीकडे, केस उरले असतील तर लांब.

दादांचा ब्रिज तरंगता. पुढून सहा तारा मिळून सुमारे 45 किलोच्या ताणाने त्याला ओढतात, गिटारच्या पाठीतल्या स्प्रिंगा तो ताण तोलून धरतात, आणि या रस्सीखेचीत ब्रिज बिचारा अधांतरी. ब्रिजला लावलेली दांडी दाबली की तारा सैलावून सूर थेट पाताळात, सोडली की परत वर. 1969 साली वुडस्टॉकला हेंड्रिक्सने अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवताना याच दांडीने बॉम्ब पाडले होते. पुढे फ्लॉइड रोझ नावाच्या गिटारिस्टने नट आणि ब्रिज अशा दोन्ही टोकांना तारा आवळून टाकायची युक्ती काढली, 1979 मध्ये तिचं पेटंटही मिळवलं, आणि व्हॅन हेलनने तिच्यावर थैमान घातलं. हे सगळं दादा तुम्हाला सांगणार. तुम्ही विचारलं नसलं तरी.

पण या तोलाची नाटकं फार. एका गाण्यासाठी जाडी तार एका सुराने उतरवली की बाकीच्या पाच चढतात. त्या उतरवाव्यात तर पहिली पुन्हा हलते. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात एकदा भर सोलोत दादांची एक तार तुटली आणि उरलेल्या सगळ्या एकदम वरच्या पट्टीत निघून गेल्या. गायक थांबला नाही. थांबलो तर दादा माइक घेऊन कारण समजावून सांगतील, अशी त्याला रास्त भीती होती.

बँडमधला दुसरा गिटारवाला फिक्स्ड ब्रिजचा. त्याची टेलिकास्टर म्हणजे लिओ फेंडरची 1950च्या सुमाराची सरळसोट फळी. ब्रिज लाकडाला स्क्रूने ठोकलेला, तारा लाकडाच्या आरपार ओवलेल्या. हा येतो, वायर जोडतो, कान पिळतो आणि वाजवतो. दादांच्या मते त्याच्या वाजवण्यात जीव नाही. माझ्या मते दादांनी तेवढं वाजवून तरी दाखवावं.

कारण एवढ्या यातायातीनंतर दांडी वापरतात किती? गाणं संपताना, शेवटच्या कॉर्डला, हलकीशी थरथर. बस्स. ‘मग पाचर ठोका ना मागे,’ टेलिकास्टरवाला एकदा म्हणाला. ‘क्लॅप्टननेसुद्धा लाकडाचा तुकडा घालून ब्रिज पक्का केला होता.’ दादांचा चेहरा उतरला. ‘मग स्प्रिंगांनी काय करायचं?’

तरी वैराग्याचे झटके येतात. अशाच एका झटक्यात दादांनी गिटार विकायला काढली. एक कॉलेजकुमार बघायला आला. दादांनी त्याला चहा दिला, तारेच्या टोकाचा पितळी मणी पकडीने कसा कापायचा ते दाखवलं, तार एका वेळी एकच बदलायची हे दोनदा वदवून घेतलं, आणि मागचं झाकण उघडून स्प्रिंगांचं दर्शन घडवलं. पोरगा म्हणाला, ‘काका, दांडी नसलेली नाहीये का एखादी?’ यातलं ‘काका’ जास्त लागलं की उरलेलं, ते कळलं नाही. ती गिटार काही विकली गेली नाही, पण महिनाभरात दादांनी स्वतःच एक टेलिकास्टर घेतली.

त्यानंतरच्या तालमी वेळेवर सुरू झाल्या. ड्रमरला तर चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. मग परवा जॅमरूमच्या जिन्यात दादांनी मला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, ‘हिच्यावर बिग्जबी बसतं, माहितीये? तेही दांडीवालंच, पण डोक्याला ताप नाही. एकच तर स्प्रिंग असते त्यात.’