खिडकी उघडी, कारकून गायब

अमेरिकेत बंदूक घेणं म्हणजे भाजी घेण्याइतकं सोपं, असं तिथून परतलेला प्रत्येक जण आपल्याला ऐकवतो. पेनसिल्वेनियातल्या एका गृहस्थाला विचारा. १९९५ मध्ये फूड स्टॅम्पच्या, म्हणजे सरकारी रेशनमदतीच्या, अर्जात त्याचं उत्पन्न दाखवलंच नव्हतं. अर्ज बायकोनं भरला, सही यानं ठोकली. त्यातून मिळालेली मदत २,४५८ डॉलर. तुरुंगवारी टळली, नुसतं प्रोबेशन मिळालं. पण फेडरल कायदा झालेली शिक्षा बघत नाही, होऊ शकली असती ती बघतो. ती वर्षापेक्षा जास्त होती, म्हणून त्याला बंदूक बंद झाली.

मक्तेदारी किंवा संगनमतानं भाव चढवणं, हे गुन्हे मात्र कायद्यानं यातून वगळलेत. रेशनला फसवणारा धोकादायक. बाजाराला फसवणाऱ्यानं खुशाल शिकारीला जावं.

हक्क परत मागायची सोय आहे, नाही असं नाही. ती १९६५ मध्ये झाली, कारण विंचेस्टर बंदुका बनवणाऱ्या कारखान्याची मालक कंपनीच लाचेच्या प्रकरणात दोषी ठरली होती. कंपनीसाठी दार उघडलं आणि तिच्या मागून माणसंही आत शिरली. भलत्याच्या हाती बंदूक जाईल ही भीती काही खोटी नव्हती. पण म्हणून अमेरिकी काँग्रेसनं कलम रद्द केलं? छे! १९९२ पासून बजेटमध्ये एक ओळ घातली: व्यक्तींचे अर्ज तपासायला बंदुकांचा कारभार पाहणाऱ्या एटीएफ या खात्यानं छदामही खर्चू नये. कंपन्यांनी मात्र जरूर यावं.

टेक्सासचा एक बंदूकविक्रेता सीमा ओलांडून मेक्सिकोत जेवायला गेला. गाडीत काडतुसांचं खोकं राहिलेलं. तिथं शिक्षा झाली, इथं हक्क गेला. त्याचा अर्ज खात्यानं न तपासताच परत धाडला. २००२ मध्ये सुप्रीम कोर्ट एकमतानं म्हणालं, अर्ज न बघणं म्हणजे तो नाकारणं नव्हे. मग दाद कसली मागता? आपल्या कचेऱ्या हेच तत्त्व कधीपासून पाळताहेत, कोर्टाचा शिक्का तेवढा नव्हता.

२०२५ मध्ये हे काम ॲटर्नी जनरलकडे आलं आणि खिडकीत एकदाचा माणूस बसला. पहिल्या दहा भाग्यवंतांत हॉलिवूडचे नट मेल गिब्सन! त्यांचं २०११ चं प्रकरण माजी मैत्रिणीला मारहाणीचं. त्यांचा हक्क परत देण्याच्या शिफारशीला आपण नकार दिला आणि काही तासांतच नोकरी गेली, असं माफीचे अर्ज पाहणाऱ्या तेव्हाच्या अधिकारी एलिझाबेथ ओयर सांगतात. दोन्हींचा संबंध नाही, असं सरकारचं म्हणणं. नसेलही. पण तेहतीस वर्षं अर्ज उघडायला ज्यांना वेळ नव्हता, त्यांना बडतर्फीचं पत्र टाइप करायला दुपारही पुरली.