कुलपाचं कोटेशन

गावातल्या सार्वजनिक वाचनालयाला वेबसाइट कशाला हवी, हा प्रश्न आमच्या कार्यकारिणीत कुणी विचारला नाही, कारण शेजारच्या तालुक्यातल्या वाचनालयाला ती होती. आमचं वाचनालय ब वर्गातलं. अनुदान येईल तेव्हा येतं, आणि पावसाळ्यात छप्पर नेमकं चरित्र विभागावर गळतं. तरी वेबसाइट झाली. संस्थापकांचा फेट्यातला फोटो, ग्रंथसूची आणि सभासदत्वाचा अर्ज, एवढा तिचा संसार. तो बरेच दिवस गुण्यागोविंदाने चालला. मग २०१८ च्या जुलैत गूगलच्या क्रोमने, ज्या साइटकडे प्रमाणपत्र नाही तिच्या पत्त्याआधी 'सुरक्षित नाही' असं लिहायला सुरुवात केली, आणि आमच्या सर्वांत जुन्या सभासदांचा, निवृत्त तलाठी अण्णांचा, फोन आला. "वाचनालयात चोरीबिरी झाली का हो? कंपाउंडच्या भिंतीचं मी मागेच बोललो होतो."

अण्णांना समजावणं अवघड नव्हतं. अर्जात भरलेलं नाव, पत्ता, फोन नंबर वाचकाच्या मोबाइलवरून निघून आमच्यापर्यंत पोचेतो वाटेत कुणालाही वाचता येतो. प्रमाणपत्र असलं की तो मजकूर वाटेत उलगडत नाही, आणि शिवाय समोर खरोखर आमचीच साइट आहे याची ग्वाही मिळते. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आयुष्यभर दाखले दिलेल्या माणसाला जो सुचावा तोच प्रश्न विचारला: दाखला द्यायचा अधिकार त्यांना कुणी दिला? मी सांगितलं की प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला वरच्या प्रमाणपत्राचा आधार असतो, त्याला त्याच्याही वरच्याचा, आणि सर्वांत वरचं जे मूळ प्रमाणपत्र, त्याच्यावर सही त्याची स्वतःचीच असते. ॲपल, मायक्रोसॉफ्ट, गूगल, मोझिला अशा मंडळींनी ते आपल्या यादीत ठेवलं म्हणून आपण ते खरं मानायचं. अण्णांना याचं काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. "चालायचंच," म्हणाले. महसूल खात्यात हयात गेलेली.

खरी पंचाईत पुढे झाली. आमचे खजिनदार किराणा-भुसारवाले, आणि तीन कोटेशनं आल्याशिवाय ते वाचनालयासाठी सुतळीचं बंडलसुद्धा घेत नाहीत. प्रमाणपत्र असलं की साइटच्या पत्त्याआधी एक चिमुकलं कुलूप दिसायचं; त्यांनी त्या कुलपाचीही तीन कोटेशनं मागवली. पहिलं वर्षाला हजार रुपयांच्या आतलं, दुसरं त्याच्या कितीतरी पट, आणि तिसरं असं की त्यात वाचनालयाचं छप्पर अर्धंअधिक दुरुस्त झालं असतं. खजिनदारांनी चष्मा कपाळावर सारला आणि विचारलं, "स्वस्तातल्याचं कुलूप कच्चं असतं का?" नसतं. मजकूर गुंडाळायची रीत तिन्हींत तीच, ताकदही तीच. "मालात फरक नाही आणि भावात एवढा फरक? मग मधल्या पैशात काय येतं?"

मधल्या पैशात चौकशी येते. स्वस्तातल्यासाठी एवढंच बघतात की डोमेन तुमच्या ताब्यात आहे की नाही. त्यासाठी ॲडमिन, वेबमास्टर, पोस्टमास्टर अशा ठरावीक पाच नावांपैकी एखाद्या ईमेल पत्त्यावर पत्र धाडतात, नाहीतर साइटवर एक फाइल ठेवायला सांगतात. मधल्यासाठी संस्था नोंदलेली आहे का हेही तपासतात. सर्वांत महागाचं हवं असेल तर नोंदणीची कागदपत्रं, पत्ता, अधिकारी व्यक्ती असं सगळं पारखून वर संस्थेच्या नोंदलेल्या नंबरवर फोन करतात. आमचा नंबर ग्रंथपालबाईंच्या टेबलावर असतो आणि वाचनालय सकाळी आठ ते अकरा, संध्याकाळी पाच ते आठ. अमेरिकेतून कुणी नेमका दुपारी दोन वाजता फोन करील, तो रिकाम्या हॉलमध्ये मासिकांच्या रॅकसमोर वाजत राहील आणि आमच्या अस्तित्वाबद्दल सातासमुद्रापार शंका निर्माण होईल, हे चित्र मला फार आवडलं होतं.

मला तेव्हा राहून राहून आठवत होते आमच्या लहानपणचे पशुवैद्यकीय अधिकारी. दहावीच्या गुणपत्रिकेच्या झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही लागायची, आणि पंचक्रोशीत राजपत्रित असे तेवढेच एक. दवाखान्याच्या खोड्यात म्हैस उभी असायची, आम्ही चार-पाच मुलं मूळ प्रती छातीशी धरून भिंतीला टेकलेलो. डॉक्टर म्हशीचं आटोपून हात धुवायचे, ओल्या बोटांनी कागद धरायचे, मूळ प्रतीकडे एक नजर, झेरॉक्सकडे एक, आणि जांभळ्या शाईचा गोल शिक्का उमटायचा: सत्यप्रत. मुलगा हुशार आहे, असं त्यांनी कधीच म्हटलं नाही. वर्तणूक चांगली आहे, असंही नाही. या कागदावर जे आहे तेच त्या कागदावर आहे, एवढंच. गणितात छत्तीस मिळवणाऱ्याची प्रतही त्यांनी तितक्याच निर्विकारपणे सत्य ठरवली होती. वेबसाइटच्या प्रमाणपत्राचा स्वभाव थेट हाच. तुम्ही ज्या पत्त्यावर आलात तो पत्ता हाच, असं ते सांगतं. त्या पत्त्यावर राहणारा माणूस कसा आहे, याबद्दल ते म्हशीइतकंच मौन पाळतं.

आणि या मौनाचा धंदा केवढा! दक्षिण आफ्रिकेतल्या मार्क शटलवर्थ नावाच्या विद्यार्थ्याने १९९५ मध्ये आईवडिलांच्या गॅरेजमध्ये थॉट ही प्रमाणपत्रं देणारी कंपनी काढली. चार वर्षांनी अमेरिकेच्या व्हेरिसाइनने ती सुमारे साडेसत्तावन्न कोटी डॉलरना विकत घेतली. २००२ मध्ये हा गृहस्थ स्वखर्चाने, रशियाच्या सोयूझ यानातून अंतराळात जाऊन आला. ही हकिगत मी बैठकीत सांगितली तेव्हा खजिनदार बराच वेळ छताकडे, म्हणजे चरित्र विभागावरच्या ओल्या डागाकडे, बघत बसले. "म्हणजे लोकांच्या खरेपणावर शिक्के मारून माणूस आभाळात जातो," असं काहीसं पुटपुटले. आमच्या डॉक्टरांची बदली, मला वाटतं, पाटोद्याला झाली होती.

अध्यक्षांचं मन मात्र महागातल्यावर बसलं होतं, कारण त्यात पत्त्याशेजारी संस्थेचं नाव हिरव्या अक्षरांत दिसायचं. हिरव्या अक्षरांतलं 'सार्वजनिक वाचनालय' त्यांना पार झोपेत दिसू लागलं होतं. पण त्या हिरवाईचंही काही खरं नव्हतं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका संशोधकाने केंटकी राज्यात 'स्ट्राइप' नावाची कंपनी रीतसर नोंदवली आणि त्या नावाचं अस्सल हिरवं प्रमाणपत्र मिळवलं. पैशांचे व्यवहार करणारी प्रसिद्ध स्ट्राइप कंपनी वेगळीच, डेलावेअरमध्ये नोंदलेली. त्याने खोटं काही केलंच नव्हतं. एकाच नावाची दोन माणसं जगात असतात, एवढंच दाखवून दिलं. पुढे २०१९ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही ती हिरवी पाटी काढून टाकली. लोकांचं तिच्याकडे लक्षच जात नाही, असं त्यांच्या ध्यानात आलं होतं. आमच्या अध्यक्षांचं गेलं होतं, पण त्यांना कुणी विचारलं नाही.

अखेर ग्रंथपालबाईंचा भाचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातला, चहा पिता पिता म्हणाला की हे फुकट मिळतं. बैठकीत शांतता पसरली. खजिनदारांच्या चेहऱ्यावर आनंद आणि संशय एकमेकांना ढकलत होते. "फुकट देणारा जगतो कशावर?" देणग्यांवर. लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा ना-नफा संस्था चालवते. मोझिला, सिस्को, अकामाई, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन वगैरे मंडळी सुरुवातीपासून पाठीशी होती. ३ डिसेंबर २०१५ पासून ती सर्वांना खुली झाली आणि २०२० च्या फेब्रुवारीत तिने शंभर कोटीवं प्रमाणपत्र दिलं. ही कल्पना ज्यांनी जन्माला घातली त्यांतला पीटर एकर्सली हा ऑस्ट्रेलियन २०२२ मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी, कर्करोगाने गेला. ती बातमी वाचली त्या संध्याकाळी मी उगाचच वाचनालयाची साइट उघडून बघितली. संस्थापक फेट्यात हसत होते. त्यांनीही आयुष्यभर लोकांना पुस्तकं फुकट वाचायला दिली होती, आणि तेही गावाला फारसे आठवत नाहीत.

भाच्याने आमच्यासमोरच काम केलं. साइटवर एका आडबाजूच्या फोल्डरात, आगापिछा नसलेल्या अक्षरांच्या लांबलचक नावाची एक इवलीशी फाइल आली. कुठल्या तरी दूरच्या संगणकाने येऊन ती वाचली, आपल्याकडच्या मजकुराशी ताडून पाहिली आणि तो निघून गेला. हे सगळं ग्रंथपालबाईंनी बशी खाली ठेवेपर्यंत झालं. आमच्या वाचनालयातलं काही इतक्या तत्परतेने वाचून कुणी परत केल्याचं मला तरी आठवत नाही.

"प्रमाणपत्र मिळालं ना, मग दाखवा," खजिनदार म्हणाले. त्यांना ते फ्रेम करून संस्थापकांच्या शेजारी लावायचं होतं. भाच्याने ए-फोर कागदावर छापून दिलं. वर पाच आडव्या रेघा, मग 'बिगिन सर्टिफिकेट', पुन्हा पाच रेघा, आणि खाली चौसष्ट-चौसष्ट अक्षरांच्या ओळी, लहान-मोठी रोमन अक्षरं, आकडे, मध्येच अधिकचं चिन्ह. कुणाची सही नाही, शिक्का नाही, वाचनालयाचं नाव शोधून सापडत नाही. खजिनदारांनी कागद उलटा करून पाठही बघितली. फ्रेमचा विचार बारगळला, पण कागद वाया गेला नाही. लेखापरीक्षकाने विचारलंच, की तीन कोटेशनं आहेत, ठराव आहे, मग खरेदीची पावती कुठे? फुकटाची पावती नसते. तेव्हा तोच कागद पंच करून व्हाउचर म्हणून फाइलला लागला, आणि पुढे लिहिलं: खर्च निरंक.

या फुकटाला एकच खोड, ते नव्वद दिवस टिकतं. चुकून भलत्याला दिलं गेलं तर लवकर निकामी व्हावं आणि नूतनीकरण माणसाच्या आठवणीवर न राहता संगणकानेच करावं, हा त्यामागचा हेतू. आता तर विकतच्यांचीही तीच गत आहे. पूर्वी ती तीन वर्षांची मिळत, मग दोन, मग जेमतेम तेरा महिने. २०२६ च्या मार्चपासून दोनशे दिवस, आणि २०२९ च्या मार्चपासून फक्त सत्तेचाळीस. तेव्हा 'पाच वर्षांचं एकदम घ्या, स्वस्त पडेल' म्हणणारा दुकानदार भेटला, तर तो पैसे पाच वर्षांचे घेतो, प्रमाणपत्र मात्र पुन्हापुन्हा बदलावंच लागतं, एवढं ध्यानात असू द्या. लाखो डॉलरच्या वॉरंटीनेही भारावू नका. प्रमाणपत्र चुकीच्या माणसाला दिलं गेल्यामुळे साइटवर येणारा कुणी फसला तर त्याच्यासाठी ती असते. घेणाऱ्याला तिचा उपयोग शोभेपुरता.

२०२३ च्या सप्टेंबरात क्रोमने ते चिमुकलं कुलूपही हटवलं आणि त्या जागी दोन बटणांच्या पट्ट्यांसारखं काहीतरी आणलं. फसवणाऱ्या साइटींकडेही कुलूप असतंच आणि लोक ते बघून निर्धास्त होतात, असं कारण दिलं गेलं. अण्णांचा फोन आलाच. "कुलूप दिसत नाही. कुणी काढलं?" मी म्हटलं, आहे ते आहेच, फक्त दाखवायचं बंद केलंय. "हे बरं केलं," अण्णा म्हणाले.

तेव्हा तुमचंही एखादं वाचनालय, दुकान, दिवाळी अंक असेल, तर आधी होस्टिंगवाल्याला विचारा, फुकट प्रमाणपत्र तुम्ही देता का आणि त्याचं नूतनीकरण आपोआप होतं का. हो म्हणाला तर कोटेशनं मागवू नका. नाही म्हणाला तर होस्टिंगवाला बदला. आणि वाचलेल्या पैशांतले थोडे डोमेनसाठी बाजूला काढा. डोमेनची मुदत संपून ते दुसऱ्या कुणी उचललं, तर त्या नावाचं खरंखुरं, फुकट प्रमाणपत्र त्यालाही तितक्याच तत्परतेने मिळतं. मुदतीची सूचना कुणाच्या ईमेलवर येते ते आजच बघून ठेवा. आमची, असं कळलं, तीन वर्षांपूर्वी राजीनामा दिलेल्या सहकार्यवाहांकडे जात होती.