टवाळखोराचा पुतळा: गंगनमच्या कारभाऱ्यांस खुले पत्र

मा. प्रमुख,
गंगनम विभाग कार्यालय, सोल यांस,
सा. न. वि. वि.

आपल्या विभागाची जगभर टर उडवणाऱ्या इसमाच्या हातांचा पुतळा आपण २०१६ साली कोएक्स मॉलसमोर उभारलात, त्याबद्दल उशिरा का होईना, अभिनंदन. मनगटावर मनगट ठेवलेले ते ब्राँझचे अवाढव्य पंजे, आणि खाली उभं राहिलं की वाजणारं गाणं! निंदकाला शेजारी घर द्यावं, एवढंच आमच्या संतांनी सांगितलं होतं. तुम्ही तर चौकच देऊन टाकलात.

पण साय या रॅपरचा ‘गंगनम स्टाइल’चा व्हिडिओ आपल्या कार्यालयात कोणी नीट पाहिला होता का? सुरुवातीलाच गडी समुद्रकिनारी असल्याच्या थाटात ऊन खात पहुडलाय, बाई वारा घालतेय. मग दिसतं की ही तर पोरांच्या खेळायच्या मैदानातली वाळू. शेजारी एक चिमुरडा नाचतोय. पुढे दोन सुंदऱ्यांना घेऊन स्वारी झोकात निघते, तर वाऱ्याबरोबर कचरा नि फेस थेट तोंडावर. रुबाब मात्र तसूभर ढळत नाही. नाचताना लगाम हातात, मांडीखाली घोड्याचा पत्ता नाही. आणि ऐन ललकारी कुठून? कमोडवरून! (पुतळ्यासाठी नेमके हातच का निवडलेत, ते आता ध्यानात येतं.) सोलमधल्या नदीच्या दक्षिणेकडच्या तुमच्या बड्या वस्तीची ऐट करू पाहणाऱ्यांना इतकी नेमकी चपराक क्वचितच बसली असेल, आणि मारणारा स्वतः खात्यापित्या घरचा.

जुलै २०१२ मध्ये आलेला हा व्हिडिओ डिसेंबरात यूट्यूबवर शंभर कोटींचा टप्पा गाठणारा पहिला ठरला. दोन वर्षांनी २,१४,७४,८३,६४७ ही मोजणीची कमाल मर्यादाही अपुरी पडू लागली, तेव्हा यूट्यूबला ती वाढवावी लागली. एवढ्या गर्दीत चपराक कोणाला ऐकू येणार? आमच्याकडच्या वरातींत नवरदेव खऱ्या घोड्यावर आणि मित्रमंडळी बिनघोड्याची दौडतायत, असा देखावा झाला. गंगनम कुठे आहे, याची चौकशी कोणी केली नाही.

आपलं सरकारही पूर्वी असं शहाणं नव्हतं. २००१ साली याच सायच्या पहिल्या अल्बमला आक्षेपार्ह मजकुराबद्दल दंड झाला, मग दुसरा अल्बम १९ वर्षांखालच्यांना विकायला बंदी आली. बंदीने तो थांबला नाही, उलट त्याचं नाव झालं. पुतळ्याने मात्र काम चोख केलं: ज्यांची नक्कल केली, त्यांच्याच पर्यटनाची ती जाहिरात झाली.

म्हणून हे पत्र. आमच्या महाराष्ट्रात २०२३ साली राजकारण्यांवर रॅप गाणाऱ्या पोरावर गुन्हा नोंदवला गेला. आमचे कारभारी अजून तुमच्या २००१ सालात आहेत. तरी पुतळ्याचा आराखडा आणि खर्चाचा अंदाज कृपया उलटटपाली धाडावा. पोलिस ठाण्यांचा बराच वेळ वाचेल आणि आमच्याकडे रिकामे चौकही पुष्कळ आहेत.

कळावे, लोभ असावा.
आपला,
एक बिनघोड्याचा वऱ्हाडी